परदेशात जाऊन सैन्याने काही केलं तर मानवी हक्कांचे करार लागू होतात का?

घुटमळलेला

एक बेसिक शंका आहे, हसू नका. गेल्या वर्षी जुलैमध्ये, म्हणजे ९ जुलै २०२५ ला, स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने एमएच १७ विमान पाडल्याबद्दल रशियाला जबाबदार धरलं ती बातमी तेव्हा वाचली होती. तेच विमान, २०१४ ला ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं, पूर्व युक्रेनवर पाडलं गेलं आणि २९८ माणसं गेली. आता माझा एक मित्र म्हणतो की हा निकालच मुळात चुकीचा, कारण मानवी हक्कांचे करार हे सरकार आणि त्याच्या स्वतःच्या हद्दीतली माणसं यांच्यातले असतात, बाहेर युद्धात जे होतं त्याला जिनिव्हा करार आहेत, दोन्हीची खिचडी करू नये. ऐकायला पटतं. पण मग मला प्रश्न पडला की एखाद्या देशाचं सैन्य दुसऱ्या देशात जाऊन तिथल्या माणसाला पकडून मारहाण करतं तेव्हा त्या माणसाला कुठलेच मानवी हक्क नाहीत असं कसं? विमान तर रशियाच्या हद्दीत पडलं नव्हतं, मेलेल्यांमध्ये बहुतेक डच होते, जमीन युक्रेनची. मग रशियाचा करार तिथपर्यंत पोचला कसा?

जाणकारांनी सोप्या भाषेत सांगा प्लीज, वकिली भाषा झेपत नाही.

अर्धा वकील

हसण्यासारखं काही नाही, यावर मोठमोठे न्यायाधीश पंचवीस तीस वर्षं भांडतायत आणि आपल्याच जुन्या निकालांवरून पलट्या खातायत.

मित्राचं अर्धं बरोबर आहे, पण करारात "हद्द" हा शब्द असतोच असं नाही. युरोपियन मानवी हक्क करार १९५० चा (स्ट्रासबर्गचं कोर्ट याच करारावर चालतं), त्याचं कलम १ म्हणतं की सदस्य देश आपल्या अधिकारक्षेत्रातल्या प्रत्येकाला हे हक्क मिळवून देतील. हद्दीतल्या नाही, अधिकारक्षेत्रातल्या. इथेच ग्यानबाची मेख. अधिकारक्षेत्र म्हणजे नक्की काय, नकाशावरची रेघ की जिथे तुमची सत्ता चालते ती जागा?

पहिला मोठा धक्का तुर्कीला बसला. १९७४ पासून उत्तर सायप्रसमध्ये त्यांचं सैन्य, तीस हजारांच्या वर. एका सायप्रियट बाईंचं तिकडे घर-जमीन होती, जाता येईना, त्यांनी तुर्कीवर केस टाकली (लोइझिदू खटला). तुर्की म्हणाली ती जागा आमची नाहीच, तिथे वेगळं सरकार आहे. कोर्ट म्हणालं सरकार कुणाचंही असो, जमिनीवर प्रत्यक्ष ताबा तुमच्या सैन्याचा आहे ना, मग करार तुमच्याबरोबर तिथे गेला. १९९५-९६ ची गोष्ट. भरपाई १९९८ ला ठरली आणि तुर्कीने पैसे दिले २००३ मध्ये, पण दिले.

म्हणजे पहिला नियम असा झाला की जागेवर ताबा असेल तर करार लागू.

दुसरा नियम माणसावर ताबा असण्याचा. हा संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने सांगितला होता, १९८१ ला. उरुग्वेच्या एजंटांनी एका कामगार नेत्याला ब्युनोस आयर्समधून, म्हणजे अर्जेंटिनातून, उचललं, छळ केला आणि गुपचूप घरी नेलं. उरुग्वेचा ब्युनोस आयर्सवर काही ताबा नव्हता. समिती म्हणाली की स्वतःच्या देशात जे करायला बंदी आहे ते शेजारच्या देशात जाऊन केलं तर चालतं असा संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कराराचा अर्थ लावणं म्हणजे विवेकाला सोडून होईल. तुझा मारहाणीचा प्रश्न आहे त्याचं उत्तर हेच. माणूस तुमच्या कोठडीत आहे, तुमच्या हातात आहे, तर करार लागू, मग कोठडी जगात कुठेही असो.

तिरकस

वा वा छान. आता हेच बेलग्रेडच्या लोकांना सांगा.

२३ एप्रिल १९९९, रात्री सर्बियाच्या टीव्ही केंद्रावर नाटोने मिसाईल टाकलं, १६ माणसं मेली, टेक्निशियन मेकअपवाले वगैरे साधी माणसं. नातेवाईक स्ट्रासबर्गला गेले, नाटोतल्या युरोपियन करारवाल्या सतराच्या सतरा देशांविरुद्ध. डिसेंबर २००१ ला कोर्टाने केस दारातूनच परत पाठवली, ऐकलीच नाही. का तर म्हणे वरून बॉम्ब टाकला म्हणजे खाली ताबा आला असं होत नाही, आणि तसंही युगोस्लाव्हिया (सर्बिया तेव्हा त्यातच होता) तेव्हा करारात नव्हता.

म्हणजे गंमत बघा, त्याच माणसाला पकडून एक थोबाडीत मारली असती तर हक्कभंग, आणि मिसाईल टाकून मारलं तर प्रकरणच नाही. सैन्याला काय शिकवण मिळाली यातून? पकडू नका, उडवा. बळी तो कान पिळी, बाकी सगळं कागद.

अर्धा वकील

@तिरकस तुमचा वैताग बरोबर आहे आणि बांकोविच निकालाला (हाच तो) कायद्याच्या प्राध्यापकांनीही याच मुद्द्यावर धुतलाय. पण गोष्ट तिथे संपत नाही, पुढे इराक आलं.

२००३ ला बसरा ब्रिटिशांकडे होतं. तिथे वेगवेगळ्या घटनांमध्ये मेलेल्या सहा इराकींच्या घरच्यांनी ब्रिटनमध्ये केस केली, अल-स्केनी खटला. त्यातला एक हॉटेलचा रिसेप्शनिस्ट, २६ वर्षांचा, ब्रिटिश तळावर कोठडीत मेला, अंगावर ९३ जखमा. एक पंधरा वर्षांचा पोरगा, चोर समजून नदीत उतरायला लावला आणि बुडाला. एक बाई घरात रात्रीचं जेवत बसलेल्या, गोळीबारात गेल्या. बाकीचे गस्तीत किंवा छाप्यात गोळी लागून. २००७ ला ब्रिटनच्या लॉर्ड्सनी (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च कोर्ट) काय केलं तर फक्त कोठडीतला रिसेप्शनिस्ट आपल्या अधिकारक्षेत्रात, बाकी पाच नाहीत. बांकोविचचंच लॉजिक.

स्ट्रासबर्गने ७ जुलै २०११ ला ते फिरवलं. म्हणाले ब्रिटन तिथे नुसतं लढत नव्हतं, सरकार चालवत होतं, सुरक्षेची जबाबदारी त्यांनी स्वतःहून घेतली होती, मग त्या कामात जे मेले ते सगळे सहाच्या सहा अधिकारक्षेत्रात. त्यात बोनेल्लो नावाचे माल्टाचे न्यायाधीश होते, त्यांनी वेगळं मत लिहिलं आणि ते एकदम रोखठोक आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हे जागेचं आणि ताब्याचं कीस पाडणं सोडा, हक्क पाळणं किंवा मोडणं ज्याच्या हातात होतं त्याचं अधिकारक्षेत्र, आणि युद्ध एक्स्पोर्ट करायला निघालात तर अत्याचारापासूनच्या संरक्षणाचीही हमी बरोबर एक्स्पोर्ट करा. बाकी न्यायाधीशांनी इतकी मोठी उडी मारली नाही अर्थात.

निवृत्त फौजी

मी कायदेवाला नाही, शांतिसेनेच्या एका मोहिमेत होतो, देश सांगत नाही. जरा दुसरी बाजू मांडतो.

जवानाच्या खिशात एक कार्ड असतं, गोळी कधी चालवायची कधी नाही. ते कार्ड युद्धकायद्यावरून बनतं. युद्धकायद्यात समोरचा शत्रूचा सैनिक आहे तर त्याला झोपेतसुद्धा मारता येतं. मानवी हक्कांच्या कायद्यात जीव घेणं हा शेवटचा उपाय, आधी पकडायचा प्रयत्न करा, अगदीच गत्यंतर नसेल तर गोळी. पोलिसाचा नियम आहे तो. आता रात्री दोन वाजता चौकीवर गाडी सुसाट येतेय, थांबत नाही, तेव्हा मी सैनिक की पोलीस? ज्यांनी ते भोगलं नाही त्यांना स्ट्रासबर्गमध्ये बसून सहा महिने विचार करायला मिळतो, आम्हाला दोन सेकंद. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

आणि दुसरं, संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घातली की जबाबदार कोण? कोसोवोत २००० साली नाटोच्या जुन्या क्लस्टर बॉम्बशी मुलं खेळत होती, एक मुलगा गेला. बापाने फ्रान्सवर केस केली कारण त्या भागात फ्रेंच तुकडी होती. २००७ ला कोर्ट म्हणालं की हे काम संयुक्त राष्ट्रांचं होतं, त्यांच्यावर आम्ही बसू शकत नाही. संपलं. बाप कुठे जाणार?

अर्धा वकील

@निवृत्त फौजी, चौकीचं उदाहरण तुम्ही दिलंत ते खरंच घडलंय. २००४, इराक, डच लेफ्टनंटने चौकीवर न थांबलेल्या गाडीवर गोळ्या घातल्या, आतला माणूस मेला. जालूद खटला, निकाल २०१४. नेदरलँड्स म्हणालं आम्ही ब्रिटिश कमांडखाली होतो. कोर्ट म्हणालं चौकी तुमची, तिथून जाणाऱ्यावर तुमची सत्ता चालत होती. पण दोष कशाचा दिला हे महत्त्वाचं आहे. गोळी का चालवली याचा नाही, चौकशी नीट का केली नाही याचा. साक्षीचे कागद वेळेवर दिले नाहीत, शवविच्छेदन धड झालं नाही, त्या अधिकाऱ्याला जबाब व्हायच्या आधी सहा तासांहून जास्त वेळ इतरांपासून वेगळं ठेवलं नाही. म्हणजे दोन सेकंदांचा हिशोब कोर्ट मागत नाही फारसं, नंतरच्या सहा महिन्यांचा मागतं.

आणि दोन्ही कायद्यांची खिचडी होते हा जो आक्षेप आहे त्यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९६ लाच सांगितलंय, अण्वस्त्रांवरच्या मतात. युद्ध सुरू झालं म्हणून मानवी हक्क करार बंद पडत नाही, पण एखाद्याला मनमानीने मारलं का हे ठरवताना युद्धकायद्याचं माप लावायचं. म्हणजे झोपेतला शत्रूसैनिक मारला तर तो आपोआप हक्कभंग होत नाही. २०१४ च्या हसन खटल्यात स्ट्रासबर्गनेही तेच केलं, युरोपियन करारात युद्धकैदी ठेवायची तरतूदच नाही तरी जिनिव्हा करारानुसार ठेवला असेल तर चालेल म्हणाले.

निळ्या टोपीचं मात्र तुमचं १०० टक्के बरोबर, तिथे भोक आहे. डच कोर्टांनी थोडं बुजवलं, स्रेब्रेनित्साच्या प्रकरणात (बोस्निया, १९९५, तिथे सर्ब सैन्याने हजारो मुस्लिम पुरुषांची कत्तल केली). डच तुकडीने आपल्या तळावरून जे साधारण ३५० पुरुष बाहेर काढू दिले त्यांच्यासाठी डच सरकार १० टक्के जबाबदार, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ ला ठरवलं. दहा टक्के का तर ते तळावर राहिले असते तरी वाचायची शक्यता तेवढीच होती म्हणे. हा आकडा वाचून काय वाटायचं ते वाटो.

शेंडेफळ

मधेच घुसते. अमेरिकेचं काय? त्या युरोपियन करारात ती नाहीच ना.

तिरकस

अमेरिकेचं सगळं प्रकरण एका "आणि" वर उभं आहे.

१९६६ चा नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, कलम २. त्यात लिहिलंय की देशाने आपल्या हद्दीतल्या आणि आपल्या अधिकारक्षेत्रातल्या सगळ्यांना हक्क द्यायचे. अमेरिका म्हणते आणि म्हणजे आणि, दोन्ही अटी एकदम पुऱ्या झाल्या पाहिजेत, माणूस हद्दीतही हवा आणि अधिकारक्षेत्रातही. म्हणजे बाहेर काहीच लागू नाही. हे "हद्दीतल्या" शब्द घालायची सूचनाही त्यांचीच, १९५० ला, एलिनॉर रूझवेल्ट संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्ष असताना, कारण तेव्हा जर्मनी, ऑस्ट्रिया, जपानमध्ये त्यांचं सैन्य बसलेलं आणि तिथल्या सगळ्या लोकांना हे हक्क मिळवून द्यायची जबाबदारी गळ्यात नको होती.

मजा म्हणजे २०१० मध्ये त्यांच्याच परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार हॅरॉल्ड को यांनी लांबलचक टिपण लिहून सांगितलं की ही भूमिका टिकणारी नाही, सोडा ती. कुणी ऐकलं नाही. २०१४ ला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीसमोर परत तेच. छळविरोधी कराराबाबत तेवढं थोडं सैल सोडलं त्याच वर्षी, ग्वांतानामोत (क्युबातला अमेरिकेचा तळ आणि तुरुंग) तो लागू होतो हे मान्य केलं.

अर्धा वकील

यात एक जोडतो. रूझवेल्टबाईंच्या सूचनेचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. एक, अमेरिकेचा, बाहेर काहीच बंधन नको. दुसरा असा की व्यापलेल्या जर्मनीत तिथल्या लोकांसाठी कायदे करून हक्क *मिळवून देणं* आमच्यावर नको, पण म्हणून आमच्या सैनिकाने तिथल्या माणसाचा छळ केला तर चालेल असं त्यांना म्हणायचं नव्हतं. को यांचा युक्तिवाद साधारण असाच आहे, आणि मला तो पटतो. शाळा काढा, कोर्टं चालवा ही एक जबाबदारी, त्याला जागेवर ताबा लागतो. स्वतःच्या माणसाला आवरा ही दुसरी, त्याला काय लागतं? तुमचा माणूस जिथे जाईल तिथे तुम्ही त्याला आवरू शकताच की.

हेगचं न्यायालयही "आणि" चा अमेरिकन अर्थ मानत नाही. २००४ ला इस्राएलने बांधलेल्या भिंतीवरच्या मतात त्यांनी सांगितलं की हा करार व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशातही लागू, इस्राएल नाही म्हणत होतं. जुलै २०२४ च्या मतातही परत तेच. आणि २००५ ला काँगो विरुद्ध युगांडा, इतुरी भाग युगांडाच्या सैन्याने व्यापला होता, तिथे करार मोडले म्हणून युगांडा दोषी.

तिरकस

आणि मग युगांडाने हात जोडून माफी मागितली असेल.

अर्धा वकील

माफीचं सोडा, पैसे भरले. २०२२ ला ३२.५ कोटी डॉलर ठरले, दर वर्षी साडेसहा कोटींचा हप्ता, पहिला हप्ता त्याच वर्षी दिला. अर्थात काँगोने मागितले होते त्याच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ आहे, ते ११०० कोटींच्या वर मागत होते.

घुटमळलेला

बापरे, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. सगळं वाचलं दोनदा. पण माझं घोडं अजून तिथेच अडलंय. बेलग्रेडच्या बॉम्बहल्ल्याच्या केसमध्ये वरून मारलं तर अधिकारक्षेत्र नाही म्हणाले. विमान पाडलं तेसुद्धा दुरूनच मारणं झालं ना, फक्त खालून वर. मग तिथे कसं लागू झालं?

अर्धा वकील

हा प्रश्न विचारलास म्हणजे तुला नीट कळलंय.

मधे एक टप्पा आहे तो सांगतो. ऑगस्ट २००८, रशिया-जॉर्जिया पाच दिवसांचं युद्ध. जॉर्जियाने केस केली, निकाल जानेवारी २०२१ ला. सतरा न्यायाधीशांपैकी अकरा म्हणाले की ८ ते १२ ऑगस्ट, प्रत्यक्ष लढाई चालू होती, सगळा गोंधळ, कुणाचाच कशावर ताबा नाही, म्हणून त्या पाच दिवसांत अधिकारक्षेत्रच नाही. १२ तारखेनंतर रशियाने ताबा घेतला तिथून पुढे आहे. सहा न्यायाधीश विरोधात गेले. आणि गंमत, त्याच निकालात म्हणाले की त्या पाच दिवसांतल्या मृत्यूंची चौकशी करायची जबाबदारी मात्र रशियाची आहे. म्हणजे मारलं ते आमच्या कक्षेत नाही पण चौकशी केली नाही ते आहे. मला हे तेव्हाही कळलं नव्हतं आणि आत्ताही प्रामाणिकपणे कळत नाही. शिवाय त्याच वर्षी कार्टर खटल्यात, लंडनमध्ये पोलोनियम हे किरणोत्सारी विष पाजून लित्विनेन्को या रशियाच्या माजी गुप्तहेराला मारलं त्यात, रशिया दोषी, तिथे ना जागेवर ताबा ना कोठडी. एका माणसाला नेम धरून मारलं तर अधिकारक्षेत्र आहे, हजार माणसांवर तोफा डागल्या तर गोंधळ म्हणून नाही!

२०२५ च्या निकालात दोन गोष्टी झाल्या. विमानापुरतं उत्तर तसं सोपं आहे, ज्या भागातून 'बुक' नावाचं विमानविरोधी मिसाईल सुटलं आणि जिथे विमान पडलं तो फुटीरतावाद्यांच्या हातातला भाग मे २०१४ पासून प्रत्यक्षात रशियाच्या ताब्यात होता असं कोर्टाने धरलं. म्हणजे लोइझिदूचाच नियम, जागेवर ताबा. त्यासाठी नवीन काही शोधावं लागलं नाही.

खरी पलटी दुसरीकडे आहे. फेब्रुवारी २०२२ नंतर युक्रेनभर जे बॉम्बहल्ले झाले, जिथे रशियाचा ताबा नव्हता तिथेही, तेसुद्धा अधिकारक्षेत्रात येतात असं म्हणाले. कारण काय दिलं, तर हा काही पाच दिवसांचा गोंधळ नाही, आधीपासून ठरवून, आखून, वर्षानुवर्षं केलेली कारवाई आहे, आणि जो इतकं आखून मारतो त्याची मारल्या जाणाऱ्यावर सत्ता चालतेच. "गोंधळ आहे म्हणून सूट" हे लॉजिक बाजूला ठेवलं. हे बोनेल्लो म्हणत होते त्याच्या बरंच जवळ आलं, फक्त चौदा वर्षं लागली.

निवृत्त फौजी

हे मला पटलं, आणि याच्या उलट बाजूचंही एक बोलतो. हे सगळं फक्त "त्यांच्या" लोकांसाठी आहे असं समजू नका. इराकमध्ये ब्रिटनचे जवान हलक्या चिलखताच्या स्नॅच लँडरोव्हरमध्ये पाठवले आणि रस्त्यातल्या सुरुंगाने गेले. घरच्यांनी केस केली की नीट गाडी दिली असती तर पोरं वाचली असती. २०१३ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की जवान परदेशात असला तरी त्याचा जगण्याचा हक्क त्याच्याबरोबर आहे, खटला चालू द्या. आमच्यातले कितीतरी जण मानवी हक्क म्हटलं की नाक मुरडतात, त्यांना हे सांगतो मी.

तिरकस

ब्रिटिश सरकारने नाक मुरडलंच की, २०१६ ला जाहीर केलं की पुढच्या मोठ्या मोहिमांच्या वेळी करारातून तात्पुरती सूट घेऊ, कलम १५ खाली. कलम आहे तसं, पण छळाला त्यातही सूट नाही.

आणि रशियाचं सांगा ना पुढचं. मार्च २०२२ लाच युरोप परिषदेतून (हे कोर्ट जिचं, ती संघटना) बाहेर, सप्टेंबर २०२२ पासून करारातूनही बाहेर. स्वतःचा कायदा केला की १५ मार्च २०२२ नंतरचे निकाल आम्ही पाळणार नाही. २९८ माणसांच्या घरच्यांना अकरा वर्षांनी निकाल मिळाला तो असा. वरातीमागून घोडं.

अर्धा वकील

त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच की रशिया करार सोडून गेला तरी १६ सप्टेंबर २०२२ पर्यंतच्या घटनांसाठी केस चालली.

शेंडेफळ

अजून एक विचारू का? ड्रोन. म्हणजे ड्रोन उडतोय येमेनवर, चालवणारा अमेरिकेत, आणि सिग्नल तिसऱ्याच देशातून जातो असं ऐकलंय. त्या तिसऱ्या देशाची काही जबाबदारी?

अर्धा वकील

अगदी हीच केस झालीय. सिग्नल जर्मनीतल्या रामस्टाइन तळावरून जातात. २०१२ च्या हल्ल्यात नातेवाईक गमावलेले येमेनी लोक जर्मनीच्या कोर्टात गेले. २०१९ ला मुन्स्टरच्या कोर्टाने काही प्रमाणात त्यांच्या बाजूने निकाल दिला, पुढच्या वर्षी वरच्या कोर्टाने तो रद्द केला, आणि १५ जुलै २०२५ ला, म्हणजे एमएच १७ च्या निकालानंतर सहाच दिवसांनी, तिथल्या घटनात्मक न्यायालयाने त्यांची तक्रार फेटाळली. पण फेटाळताना तत्त्व म्हणून मान्य केलं की जर्मनीशी पुरेसा धागा जुळत असेल आणि आंतरराष्ट्रीय कायदा पद्धतशीरपणे मोडला जाण्याचा गंभीर धोका असेल तर परदेशातल्या परक्या माणसाला वाचवायची जबाबदारीही जर्मनीवर येऊ शकते. या केसमध्ये दुसरी अट पुरी होत नाही म्हणाले. हे त्यांच्या स्वतःच्या घटनेवरून बरं का, करारावरून नाही.

घुटमळलेला

मित्राला या धाग्याची लिंक पाठवली. त्याचा रिप्लाय आलाय, "एवढं कोण वाचणार, निकाल काय ते सांग". मी त्याला म्हटलं जागेवर ताबा, माणसावर ताबा, आणि आता आखून मारलं तरी. तो म्हणतो मग बेलग्रेडच्या लोकांना आता परत केस करता येईल का?

अर्धा वकील

नाही. दार लागलंय ते त्यांच्यासाठी.